दहिवरानंतर बागेतील नाजूक झाडांची पाहणी

महाबळेश्वरला वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या पहाटे दव गोठते आणि दुपारपर्यंत जास्वंद, पपई, केळ यांची पाने उकडलेल्या पालेभाजीसारखी मऊ, काळपट होऊन लोंबतात. अशा वेळी कात्री हाती घेण्याचा मोह कृपया आवरावा. करपलेली पाने खालच्या कोंबांवर पांघरूण धरतात, आणि लवकर छाटणी केल्यास फुटणारी कोवळी पालवी पुढच्या थंडीत सापडते.

आठ-दहा दिवसांनी, थंडीची लाट ओसरल्यावर, फांदीच्या शेंड्यापासून खाली येत थोड्या थोड्या अंतरावर नखाने साल अगदी हलकेच खरवडावी. आत ओलसर हिरवा पदर दिसला, तर तो भाग जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडा दिसला, तर आणखी खाली उतरावे. जिथे हिरवे लागेल तिथे सुतळीची खूण बांधावी आणि छाटणी फेब्रुवारीअखेर, नवे डोळे फुगल्यावरच करावी.

केळीला ही परीक्षा लागू पडत नाही. तिचे खोड म्हणजे पानांच्या देठांची गुंडाळी असल्यामुळे ते सडले तरी जमिनीतला कंद शाबूत असू शकतो. कंद बोटाने दाबून टणक लागला, तर मुनव्यांची, म्हणजे कंदातून फुटणाऱ्या नव्या रोपांची, वाट पाहावी. पपईचा शेंडा मात्र मऊ पडून दुर्गंधी येऊ लागली, तर तेवढा भाग लगेच काढावा, कारण कूज पोकळ खोडातून खाली उतरते.

तोवर खत देऊ नये. पाणीही माती बोटभर खोल कोरडी लागली तरच द्यावे.