सहल एका दिवसाची, गावं चार: मराठवाड्यात फिरताना या चुका टाळा

आमच्याकडे सहलीचा बेत बहुतेक वेळा रात्रीची जेवणं झाल्यावर ठरतो. कुणीतरी म्हणतं, "उद्या तुळजापूरला जाऊन येऊ." लगेच दुसरं कुणी, "एवढं जातोय तर नळदुर्ग बी करू की." मग अक्कलकोट येतं. मग कुणाला तरी पंढरपूर आठवतं, "तिथून काय लांब हाय का?" पहाटे पाचला निघायचं ठरतं, निघेपर्यंत आठ वाजतात. रात्री अकराला घरी आल्यावर मुलांना विचारलं, काय पाहिलं, तर त्यांना फक्त रस्ता आठवतो.

मी लातूरची. सासू-सासरे, दोन मुलं आणि सुट्टीत आलेली नणंद, दाजी असे सगळे मिळून आम्ही वर्षातून तीन-चारदा बाहेर पडतो. खाली लिहिलेल्या चुकांपैकी बऱ्याच आम्ही स्वतः केल्या आहेत, म्हणून त्या दुसऱ्या कुणी करू नयेत असं मनापासून वाटतं.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: एका दिवसात चार गावं

आमची ती सहल मंगळवारी होती. मंगळवार म्हणजे तुळजापूरला देवीचा वार. दर्शनाच्या रांगेतच दुपार झाली. नळदुर्गच्या दरवाजात पोहोचलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते आणि पुढे अक्कलकोट "करायचं" होतं. सासऱ्यांचे गुडघे दुखत होते, ते दरवाजाजवळच्या सावलीत बसले. आम्ही अर्धा तास आत पळत फिरलो, पाणीमहालापर्यंत पोहोचलोच नाही आणि परत फिरलो. अक्कलकोटला पुन्हा रांग. पंढरपूर अर्थातच राहिलं.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, बोरी नदी भरून वाहायला लागली, तेव्हा फक्त नळदुर्गला गेलो. घरून सहाला निघालो आणि नऊच्या आत किल्ल्यात होतो. किल्ला आणि समोरचा रणमंडळ हा जोडकिल्ला यांच्यामध्ये नदी अडवून बांध घातलाय आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, १६१३ सालचं हे काम. पायऱ्या उतरून आत गेलं की एकदम गारवा लागतो, बोलणं ऐकू येईनासं होतं. खिडकीसमोरून पाण्याचा पडदा खाली कोसळत असतो आणि आपण आत कोरडे उभे असतो. बांधावरून पडणाऱ्या दोन धारांना नर आणि मादी म्हणतात. मुलीच्या चष्म्यावर तुषार साचले होते, ती ते पुसतच नव्हती. सासरे या वेळी हळूहळू, माझ्या नवऱ्याच्या खांद्याला धरून खाली उतरले. घाई नव्हती म्हणूनच ते जमलं.

तेव्हापासून आमचा हिशोब ठरलेला आहे. एका दिवसात एक गाव, आणि त्या गावातलं किंवा वाटेवरचं एखादं देऊळ. गाडीत जाऊन-येऊन पाच तासांपेक्षा जास्त जाणार असतील तर ती एका दिवसाची सहल नाही, मुक्कामाची तयारी करा. आणि नळदुर्ग धबधब्यासाठी पाहायचा असेल तर नुसता पावसाळा बघून चालत नाही. बोरी वाहतेय का, हे तिकडच्या कुणाला तरी फोन करून विचारा. कमी पावसाच्या वर्षी ऑगस्टातही बांध कोरडा असतो.

ज्येष्ठांना गाडीत बसवून ठेवणं हीसुद्धा चूकच. उभी गाडी उन्हात किती तापते हे बाहेर फिरणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. नळदुर्गच्या उपळी बुरुजाच्या पायऱ्या किंवा देवगिरीचा, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्याचा, चढ त्यांना जमणार नसेल, तर सतरंजी, पाण्याची बाटली आणि घरातलं एक माणूस त्यांच्यासोबत सावलीत ठेवा. ते एक माणूस दर तासाला बदला.

वार न बघता निघणं

अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. हे दोन्ही लोक हमखास उलटसुलट करतात. मी मुलांना असं शिकवलंय: अजिंठ्याचा "अ" आधी, म्हणून आठवड्यात आधी येणारा सोमवार त्याचा. वेरूळचा "व" नंतर, म्हणून मंगळवार.

आलातच बंदच्या दिवशी तर परत फिरू नका. वेरूळ बंद असलं तरी घृष्णेश्वराचं दर्शन होतं, खुलताबाद चार-पाच किलोमीटरवर आहे आणि दौलताबादचा किल्ला त्याच रस्त्यावर. खुलताबादला औरंगजेबाची साधी कबर सगळे बघतात, पण ज्याने या भागाला पाण्याची व्यवस्था दिली त्या मलिक अंबरची कबरही तिथेच आहे. तीही मुलांना दाखवा.

अजिंठ्याला आणखी एक गोष्ट. आपली गाडी थेट लेण्यांपर्यंत जात नाही. फर्दापूरच्या टी-पॉइंटला गाडी लावून पुढे एसटीच्या बसने जावं लागतं. लहान बाळ असेल तर दुपटी, दूध, औषध सगळं बसमध्येच सोबत घ्या. आमच्या ओळखीच्या एका घरातल्या बाळाचं दूध गाडीत राहिलं आणि आईला लेणी अर्धी टाकून खाली यावं लागलं.

गर्दीचे दिवसही पाठ असू द्या. तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा आणि नवरात्र. श्रावणी सोमवारी औंढा, परळी, वेरूळ. शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला. पैठणला नाथषष्ठी, म्हणजे फाल्गुन वद्य षष्ठी. देवदर्शन हाच हेतू असेल तर या दिवशी जरूर जा, पण नाथांचा वाडा, गोदावरीचा घाट, पैठणीचे माग हे सगळं लहान मुलांना निवांत दाखवायचं असेल तर दुसरा दिवस निवडा.

आणि पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना सहसा माहीत नसलेला एक दिवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी लातूर-धाराशिवकडे गावंच्या गावं शेतात असतात, बाजारपेठ बंद, हॉटेलं बंद. ठरवून आलात आणि कुणाच्या शेतात भज्जी-आंबील खायला मिळाली तर त्यासारखी सहल नाही. न ठरवता आलात तर दिवसभर चहासुद्धा मिळायची पंचाईत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी किल्ला

शाळेला सुट्टी एप्रिल-मेमध्ये, त्यामुळे सहलीही तेव्हाच निघतात. आपल्याकडे तेव्हा पारा चाळिशी ओलांडतो आणि किल्ल्याचा काळा दगड दहा वाजताच तापलेला असतो. देवगिरी मे महिन्यात चढायचाच असेल तर दरवाजा उघडताना तिथे हजर राहा आणि साडेदहाला खाली या. मधल्या अंधारीत, म्हणजे भुयारी वाटेत, खरोखर काही दिसत नाही, वर वटवाघळं असतात. मोबाइलच्या उजेडावर अवलंबून राहू नका. एक चांगली टॉर्च घ्या, लहान मुलाचा हात मोठ्याच्या हातात ठेवा.

मागच्या मेमध्ये भाच्याला उन्हाचा त्रास झाला. आधी तो बडबडायचा बंद झाला, मग म्हणाला, "मामी, मला झोप येतीय." चेहरा लाल, अंग चटके बसावेत इतकं तापलेलं. ही झोप नसते. अशा वेळी लगेच सावलीत न्या, कपडे सैल करा, मानेवर आणि काखेत ओला रुमाल ठेवा, वारा घाला. शुद्धीत असेल तर ओआरएसचे छोटे छोटे घोट पाजा. उलट्या होत असतील, बोलणं असंबद्ध वाटत असेल किंवा ग्लानी उतरत नसेल तर घरी पोहोचायची वाट न पाहता जवळच्या दवाखान्यात न्या. आम्ही नेलं, म्हणून तो संध्याकाळी उठून बसला.

"एका दिवसात समुद्र बघून येऊ"

मराठवाड्याला समुद्र नाही आणि आपल्या मुलांना बेटाचं, बोटीचं फार आकर्षण असतं. त्यातून गाडी काढून जंजिऱ्याला जायचा बेत ठरतो. लातूरहून जंजिरा जाऊन-येऊन हजार किलोमीटरच्या घरात आहे. चालवणारा एकटा असेल तर हा बेत जिवावर बेतू शकतो. त्यात पावसाळ्यात जंजिऱ्याच्या बोटी बंद असतात, आणि हलत्या बोटीतून दरवाजाच्या पायरीवर पाय टाकणं म्हाताऱ्या माणसांना अवघड जातं. जंजिरा, मालवणचा सिंधुदुर्ग, यांना तीन-चार दिवस द्या.

एका दिवसात बेट पाहायचंच असेल तर मुंबईजवळची घारापुरीची लेणी (एलिफंटा) जमतात. रात्रीच्या रेल्वेने निघायचं, लातूरची एक्सप्रेस आहे, नांदेड-संभाजीनगरकडून देवगिरी एक्सप्रेस आहे. सकाळी मुंबई, गेटवेहून तासाभराचा बोटीचा प्रवास, आणि रात्री परतीची गाडी. दोन रात्री रेल्वेत, मधला दिवस बेटावर. पण सोमवारी लेणी बंद, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी थांबतात. धक्क्यापासून वर शंभरावर पायऱ्या आहेत, वृद्धांसाठी डोली मिळते. पिशवीत खायचं दिसलं की माकडं ओढून नेतात. बोटीतून उतरतानाच परतीची शेवटची बोट किती वाजता ते विचारून ठेवा.

आणि जाण्याआधी एकदा वेरूळचं २९ नंबरचं लेणं, धुमार लेणं, मुलांना नक्की दाखवा. त्याची मांडणी घारापुरीच्या मुख्य लेण्यासारखीच आहे. बहुतेक लोक १६ नंबरचं कैलास पाहून परत फिरतात, २९ पर्यंत जातच नाहीत. आमच्या मुलाने घारापुरीत पाय ठेवल्या ठेवल्या विचारलं, "आई, हे आपल्या वेरूळला नाही का?" मला फार बरं वाटलं.

पाण्याने वेढलेलं काही तरी जवळच हवं असेल तर बीडचं कंकालेश्वर मंदिर कुंडाच्या मधोमध आहे. कंधारच्या किल्ल्याभोवतीच्या खंदकातही पाणी असतं. दोन्हीकडे मुलांवर लक्ष हवं, कारण काठाला कठडा असेलच असं नाही. नदीत, धरणात, खंदकात "पाय ओले करायला" उतरू नका. तळाचा अंदाज येत नाही आणि शेवाळावरून पाय सटकतो.

बारीक वाटणाऱ्या, पण सहल बिघडवणाऱ्या

आग्यामोहोळ किल्ल्यांत आणि लेण्यांत कुठेही असू शकतं. तिथे उदबत्ती, विडी, फटाका, दगड काहीच नको. माशा उठल्या तर हात झाडू नका, तोंड ओढणीने झाका आणि लांब पळत जाऊन गाडीत बसून काचा लावा.

घरातल्या बायका प्रवासात पाणी पीत नाहीत, कारण स्वच्छतागृह कुठे मिळेल याचा भरवसा नसतो. दिवसभर तसंच काढतात आणि रात्री डोकं धरून बसतात, दोन दिवसांनी जळजळ सुरू होते. माझ्या जावेला यातूनच ताप आला होता. म्हणून रस्ता ठरवतानाच थांबेही ठरवा: मोठा पेट्रोल पंप, देवस्थानचं भक्तनिवास, बसस्थानक. दर दोन तासांनी गाडी थांबलीच पाहिजे, कुणी मागो न मागो. हे काम गाडी चालवणाऱ्याने स्वतःकडे घ्यावं.

डब्याला धपाटे, शेंगाचटणी आणि वेगळ्या डब्यात दही. पोळी-भाजी दुपारपर्यंत आंबते, धपाटे टिकतात. रोख पैसे सोबत असू द्या, लहान गावांत रेंज जाते.

अंधारात परत येणं

दिवाळीनंतर गाळप हंगाम सुरू झाला की लातूर, धाराशिव, बीडच्या रस्त्यांवर रात्री उसाचे ट्रॅक्टर असतात. दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारा ऊस, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तरी पाचटाखाली झाकलेला. समोरच्या गाडीच्या प्रकाशाने डोळे दिपले की तो ट्रॅक्टर अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. दरवर्षी याच्यात घरंच्या घरं उद्ध्वस्त होतात. चार वाजता किल्ल्यातून निघा. उशीर झालाच तर वेग चाळीसवर आणा, पुढे बसलेल्याने झोपू नये, आणि थकवा असेल तर गावात थांबून पहाटे निघा. ट्रॅक्टर बंद पडलेला दिसला तर आपली गाडी पुढे सुरक्षित जागी लावून मागच्यांना टॉर्चने सावध करा.

जवळचं गाव सोडून देणं

औशाचा किल्ला आमच्यापासून वीस किलोमीटरवर. तुळजापूरला जाताना कितीदा त्याच्याजवळून गेलो, पण आत पहिल्यांदा गेलो ते लग्नानंतर आठ वर्षांनी. तेरचंही तसंच. धाराशिवहून तासाच्या आत पोहोचता येतं, अर्धा दिवस पुरतो, पण बेत ठरवताना तेरचं नाव कुणी घेत नाही.

तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव, आणि त्याच्याही कितीतरी आधीचं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या टिपणात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचं लिहिलंय. इथलं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जायचं आणि तिथून समुद्रापार. इथे हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती सापडली, तिच्याशी जुळणारी दुसरी इटलीत पाँपेईच्या राखेखाली मिळाली. विटांचं त्रिविक्रम मंदिर पाहा, मागून अर्धगोल, मूळचं बौद्ध चैत्य. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं संग्रहालय आहे, त्यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तू तिथे आहेत. निघण्याआधी ते उघडं आहे ना, एवढं विचारून घ्या.

आम्ही गेलो तेव्हा मुलगा काचेला नाक लावून मातीच्या एका खेळण्यासमोर बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, "याला चाकं लावता येतील." आम्ही घाई केली नाही. बाहेर तेरणेच्या बाजूला झाडाखाली सतरंजी टाकली, धपाटे काढले, आणि दीड वाजता घरी जायला निघालो.