कॅम्पर ओढताना डिझेल गाडी चढावर तापते तेव्हा

रिकामी धावताना काटा जागचा हलत नाही. मागे कॅम्पर (ओढून न्यायचं राहण्याचं ट्रेलर) लावून लांब चढाला लागलं, की दहा-पंधरा मिनिटांत तोच काटा लालकडे सरकायला लागतो. मग रेडिएटरवर खापर फोडलं जातं, कधी तो बदललाही जातो, आणि पुढच्या सुट्टीत गाडी त्याच चढावर पुन्हा तापते. आधी इंजिनावर किती भार पडतो ते समजून घ्या, म्हणजे नेमकं कुठे हात घालायचा ते कळेल.

2300 किलोची गाडी आणि 1700 किलोचा कॅम्पर धरला तर एकूण 4000 किलो होतात. 100 मीटरला 6 मीटर चढणाऱ्या रस्त्यावर हे वजन ताशी 80 किमीने नुसतं वर न्यायलाच साधारण 52 किलोवॅट लागतात. ताशी 60 किमीला तेच काम 39 किलोवॅटमध्ये होतं. वाऱ्याचा आणि टायरचा विरोध वेगळाच. डिझेलच्या ऊर्जेचा ढोबळ मानाने तिसरा हिस्सा चाकांकडे जातो, तिसरा सायलेन्सरमधून बाहेर पडतो आणि तिसरा कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात उतरतो. म्हणजे ताशी 80 च्या चढाला रेडिएटरला घरगुती 25 गिझरइतकी उष्णता बाहेर फेकावी लागते, आणि तीही गाडी हळू चालत असल्यामुळे समोरून वारा कमी मिळत असताना. वारा पाठीमागून असेल तर परिस्थिती आणखी बिघडते, कारण रेडिएटरच्या जाळीतून जाणारी हवा त्या प्रमाणात घटते.

त्यामुळे थोडी कमजोर कूलिंग सिस्टीम रोजच्या वापरात कधी उघडी पडत नाही. अर्धी बुजलेली जाळी, दमलेला फॅन क्लच (पंख्याला इंजिनाशी जोडणारा), रबर कडक झालेलं रेडिएटरचं झाकण, यांतली एकच गोष्ट कॅम्परच्या भाराखाली पुरेशी ठरते.

काट्यावर विसंबू नका

डॅशबोर्डवरचा काटा खरं तापमान दाखवत नाही. अनेक गाड्यांत तो साधारण 80 ते 100 अंशांच्या पट्ट्यात मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो. तो हलल्याचं दिसतं तोवर हाती फार वेळ उरलेला नसतो. डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये बसणारा छोटा स्कॅनर घ्या आणि कूलंटचा आकडा मोबाइलवर सतत दिसेल असं करा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअरबॉक्स ऑइलचं तापमानही लावून ठेवा.

बहुतेक डिझेल इंजिनं भाराखाली 85 ते 100 अंशांत चालतात. 105 दिसले की लगेच हालचाल करायची. 110 च्या वर गाडी रेटायची नाही, आणि 115 ला थांबायचं. हँडबुकमध्ये तुमच्या इंजिनासाठी वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा. गिअरबॉक्स ऑइल 120 अंशांच्या वर फार वेळ राहिलं तर ते जळू लागतं. बऱ्याच गाड्यांत त्याचा कूलर रेडिएटरच्याच टाकीत असतो, म्हणून गिअरबॉक्स तापला की कूलंटही तापतं.

निघण्याआधी

सुरुवात जाळीपासून करा. समोर एसीचा कंडेन्सर, मग इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा), मग रेडिएटर अशी चळत असते आणि खरा कचरा त्यांच्या मधल्या फटीत बसतो. चिखल, किडे, गवताचं बी, पिसं. समोरून बघितलं तर सगळं स्वच्छ वाटतं. वरचं कव्हर काढून टॉर्चने फटीत बघा. धुताना साध्या पाइपने, कमी दाबाने, इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने पाणी मारा. प्रेशर वॉशर जवळ धरला तर पातळ फिन्स आडव्या होतात आणि वाट कायमची बंद होते. समोर लावलेले जादा दिवे, विंच किंवा किड्यांची जाळी हवेच्या आड येत असेल तर ती प्रवासापुरती काढा.

झाकणाकडे बहुधा कोणी बघत नाही, पण ते कामाचा मोठा भाग करतं. कूलंट आणि पाणी 50:50 असेल तर ते उघड्यावर साधारण 107 अंशांना उकळतं, आणि 1 बार दाबाखाली 128 च्या आसपास. झाकण दाब धरत नसेल तर ही 20 अंशांची ढाल गेली म्हणून समजा. उंचावर तर साधं पाणीही लवकर उकळतं, दर 300 मीटरला साधारण 1 अंश कमी. झाकणाचं रबर कडक, चिरलेलं किंवा चपटं दिसलं तर त्याच दाबाच्या आकड्याचं नवं झाकण घ्या. जास्त दाबाचं घेऊ नका, जुने होज (रबरी पाइप) फुटतील.

कूलंटचं प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे ते मोजणाऱ्या छोट्या उपकरणाने तपासा. जास्त कूलंट घातलं की जास्त थंडावा, ही समजूत चुकीची आहे. कूलंटमधलं ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं, त्यामुळे 60 टक्क्यांच्या वर गेलात तर गाडी उलट जास्त तापते. रंग बघून दोन कूलंट एकत्र करू नका, हँडबुकमध्ये लिहिलेला प्रकारच घाला. सोबत 5 लिटर तयार मिश्रण आणि 5 लिटर साधं पाणी ठेवा.

व्हिस्कस फॅन (दाट तेलाच्या क्लचवर फिरणारा पंखा) असेल तर त्याची परीक्षा हाताने होते. इंजिन थंड, बंद आणि चावी खिशात. पंख्याचं पातं धरून फिरवा. मधात चमचा फिरवल्यासारखा हलका, एकसारखा अटकाव जाणवला पाहिजे. झटका दिल्यावर पंखा दोन-तीन फेरे आपणहून गरगरत राहिला तर आतलं सिलिकॉन तेल गेलंय. क्लचच्या मधल्या गोलापासून बाहेरच्या दिशेला चिकट धुळीच्या रेषा दिसल्या तरी निदान तेच. चांगला क्लच चढावर पकड घेतो तेव्हा पुढून जोराचा घोंगावणारा आवाज येतो. आकडा 105 झाला आणि तो आवाज आलाच नाही, तर दोष जवळजवळ सापडलाच. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं तुटलेलं किंवा काढून ठेवलेलं असेल तर ते परत बसवा. त्याच्याशिवाय पंखा तीच गरम हवा गोल फिरवत राहतो.

कॅम्परकडेही बघायला हवं. पाण्याची टाकी 100 लिटरची असेल तर ती 100 किलो आहे. चढाच्या अलीकडे ती रिकामी ठेवा आणि मुक्कामाजवळ भरा. टायरचा दाब बरोबर करा. 10-15 किलोमीटर चालवून कॅम्परच्या प्रत्येक चाकाचा हब (मधला भाग) इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा. एकच हब बाकीच्यांपेक्षा खूप गरम लागला तर तिथला ब्रेक चिकटलाय किंवा बेअरिंग जातंय. इंजिन मग तो अडकलेला ब्रेक सोबत ओढत चढ चढतं आणि आपण रेडिएटरला बोल लावतो.

चढ चढताना

चढ सुरू होण्याआधीच वेग उतरवा. सगळ्यात जास्त फायदा याच एका सवयीचा होतो, आणि तीच सगळ्यात कमी पाळली जाते. गरम झाल्यावर वेग कमी केला तर इंजिनाला सावरायला कित्येक मिनिटं लागतात.

दुसरी गोष्ट गिअरची. डिझेलला खालच्या आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे) ताकद असते म्हणून वरच्या गिअरमध्ये 1400-1500 वर गाडी रेटली जाते. तसं करू नका. एक गिअर खाली घेऊन 2200 ते 2800 च्या दरम्यान चालवा आणि ॲक्सिलरेटर हलका ठेवा. वॉटर पंप आणि बेल्टवरचा पंखा इंजिनाच्या वेगानेच फिरतात. 1500 वरून 2500 वर गेलात की दोन्हींचा वेग दीडपटीहून अधिक होतो, आणि प्रत्येक फेऱ्याला जळणारं डिझेल कमी झाल्याने एक्झॉस्टची आचही उतरते. टर्बोआधी एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा मीटर बसवलेला असेल तर ते 700 अंशांच्या वर सलग राहू देऊ नका.

ऑटोमॅटिक असेल तर टो मोड (ओढण्यासाठीची सेटिंग) लावा, नसेल तर मॅन्युअल मोडमध्ये गिअर बांधून ठेवा. गिअर सारखे वर-खाली होत राहिले की टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणारा भाग) लॉक सुटतो आणि सगळी उष्णता ऑइलमध्ये जाते.

105 दिसले की एसी बंद करा, वेग ताशी 10-15 किमीने उतरवा आणि गिअर खाली घ्या. तरी आकडा चढतच असेल तर काचा उघडून हीटर सर्वांत गरमवर आणि ब्लोअर पूर्ण लावा. हीटर हा गाडीतला दुसरा छोटा रेडिएटर आहे. आत बसणाऱ्यांचे हाल होतात, पण माथा जवळ असेल तर तेवढ्याने निभावतं. माथ्यावर पोचल्या पोचल्या इंजिन बंद करू नका. पलीकडच्या उतारावर खालच्या गिअरमध्ये पाय काढून गाडी सोडली की डिझेल जवळजवळ जळत नाही आणि आकडा भराभर खाली येतो.

थांबावंच लागलं तर

सपाट आणि रुंद जागा बघा. हँडब्रेक लावा, कॅम्परच्या चाकांना ठोकळे लावा, धोक्याचा त्रिकोण मागे लांब ठेवा, आणि माणसांना रहदारी नसलेल्या बाजूने उतरवा. चढावर कॅम्पर सोडवायचा नाही, कितीही घाई असली तरी.

इंजिन चालू ठेवायचं की बंद करायचं, हे कूलंट आत आहे की नाही यावर ठरतं. आकडा फक्त जास्त आहे, कुठे गळती नाही, वाफ नाही, पंखा फिरतोय: मग न्यूट्रलमध्ये 1000-1200 आरपीएमवर चालू ठेवा. कूलंट फिरत राहील, टर्बोही सावकाश थंड होईल, आणि तीन-चार मिनिटांत आकडा उतरायला लागेल. वाफ येत असेल, खाली कूलंट सांडत असेल, बेल्ट तुटला असेल किंवा ऑइलचा दिवा लागला असेल तर इंजिन ताबडतोब बंद. एक फसवं लक्षण लक्षात ठेवा: भर चढावर आकडा एकदम खाली आला तर हायसं वाटून घेऊ नका. सेन्सरभोवतीचं कूलंट संपून तो कोरडा पडलेला असू शकतो.

झाकणाला हात लावायचा नाही. रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवून बघा. मूठ आवळून तो 10 सेकंद आरामात धरता आला आणि दाबल्यावर मऊ लागला, तरच झाकणाकडे वळा. याला 45 मिनिटं ते तासभर लागतो. जाड कापड ठेवून पाव फेरा फिरवा, फुस्स आवाज पूर्ण थांबू द्या, मगच काढा. 110 अंशांचं कूलंट दाब सुटताच क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं.

तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतलं तर हेडला (सिलिंडरवरच्या धातूच्या भागाला) तडा जाऊ शकतो. थंड झाल्यावर इंजिन सुरू करून, हीटर उघडा ठेवून, थोडं थोडं ओता. किती लिटर लागलं ते लिहून ठेवा. सांडलेलं कूलंट पुसून घ्या. इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि विषारी असतं, मुलं किंवा जनावरं त्याला तोंड लावू शकतात.

दोष कुठे आहे

केव्हा तापते यावरून अर्धं निदान होतं. रहदारीत तापते आणि वेगात थंड होते, तर पंखा. उभी असताना ठीक आणि फक्त भाराखाली तापते, तर जाळी, आतून बुजलेला रेडिएटर किंवा वॉटर पंप. वरचा होज चटका देतोय आणि खालचा गार आहे, तर थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) उघडत नाही किंवा रेडिएटर तुंबलाय. रेडिएटरवर इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवून बघा. गरम पट्ट्यांच्या मधोमध गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत.

थर्मोस्टॅट काढून पातेल्यात पाणी तापवून तपासता येतो. शिक्क्यावर 82 लिहिलं असेल तर त्याच सुमाराला उघडायला सुरुवात होऊन पुढच्या 10-15 अंशांत तो पूर्ण उघडला पाहिजे. तो काढून टाकून गाडी चालवण्याचा सल्ला मिळेल, ऐकू नका. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसेल तर बरंचसं कूलंट रेडिएटरला न जाता इंजिनातच फिरत राहतं.

खालचा होज पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. आतली स्प्रिंग गंजून गेली असेल तर जास्त आरपीएमला तो चपटा होतो आणि प्रवाह थांबतो. बॉनेट उघडून दुसऱ्याला 3000 वर रेस करायला सांगा आणि लांबून बघा. वॉटर पंपाच्या तळाशी बारीक भोक असतं, तिथे कूलंटचा डाग दिसला तर पंपाचं सील गेलंय.

कूलंट कमी होतंय पण गळती दिसत नाही, तर दोन संशयित आहेत. ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा एक्झॉस्ट वायू थंड करणारा) आतून फुटला तर एक्झॉस्टमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो. हेड गास्केट (हेडखालचं सील) गेलं असेल तर थंड इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक होतो, कारण ज्वलनाचा दाब कूलंटमध्ये घुसतो. एक्झॉस्ट वायू ओळखणाऱ्या रंगद्रवाच्या चाचणीने याची खात्री होते. खात्री होईपर्यंत कॅम्पर जोडू नका.

काम झाल्यावर कूलंट भरताना गाडीचं तोंड चढाकडे ठेवा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हवा सोडायचा स्क्रू असेल तर उघडा आणि होज हाताने दाबत सावकाश भरा. सिस्टीम पूर्ण रिकामी केली होती, हँडबुकमध्ये 10 लिटर लिहिलेत आणि 8 लिटरमध्येच पातळी आली, तर 2 लिटर हवा आत अडकलीये. ती काढल्याशिवाय चाचणीला जाऊ नका. पहिली चाचणी जवळच्या छोट्या चढावर रिकामा कॅम्पर लावून घ्या. इंजिन पूर्ण गार झालं की पातळी बघा आणि कमी झालं असेल तेवढं भरा. दुसऱ्या फेरीनंतरही पातळी उतरली, तर गळती अजून बाकी आहे.