लेड-ॲसिड बॅटरीसाठी सोलर चार्ज कंट्रोलर: निवड, जोडणी आणि वापर

सोलर चार्ज कंट्रोलर म्हणजे पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये बसून चार्जिंग आवरणारे उपकरण. त्याला बॅटरीच्या आत काय चालले आहे ते कळत नाही. त्याच्या स्वतःच्या टर्मिनलवर जो व्होल्टेज येतो, तेवढाच त्याला कळतो आणि त्यावरूनच बॅटरी भरली की नाही हे तो ठरवतो. तो आकडा चुकीचा असेल, तर कितीही महागडा कंट्रोलर बॅटरीला रोज उपाशी ठेवतो किंवा जास्त चार्ज करून तिचे पाणी आटवतो. म्हणून या लेखात खरेदीपेक्षा जोडणीवर अधिक भर दिला आहे.

निवडीपुरते एवढे पाहावे. ३६ सेलच्या, म्हणजे ज्याला बाजारात १२ व्होल्टचे पॅनेल म्हणतात त्याच्या, कामाचा व्होल्टेज १८ च्या आसपास आणि खुला व्होल्टेज (पॅनेलला काहीही न जोडता मोजलेला) २२ च्या आसपास असतो. कंट्रोलर दोन प्रकारचे असतात, पीडब्ल्यूएम आणि एमपीपीटी. पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनेलला सरळ बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढून आणतो, त्यामुळे ५.६ अँपिअर देणारे १०० वॅटचे पॅनेल १३ व्होल्टच्या बॅटरीला साधारण ७३ वॅटच देते. एमपीपीटी कंट्रोलर जास्तीच्या व्होल्टेजचे करंटमध्ये रूपांतर करतो आणि ही तूट बरीचशी भरून काढतो. मात्र उन्हात पॅनेल तापले की त्याचा कामाचा व्होल्टेजच १५-१६ पर्यंत उतरतो आणि दोघांतले अंतर कमी होते. त्यामुळे एकदोन लहान पॅनेलसाठी चांगला पीडब्ल्यूएम कंट्रोलर पुरेसा आहे, असे माझे मत आहे. याउलट ६० किंवा ७२ सेलचे मोठे पॅनेल १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडायचे असेल, तर एमपीपीटीच घ्यावा. पीडब्ल्यूएमवर त्या पॅनेलची निम्म्याहून अधिक क्षमता वाया जाते.

कंट्रोलरची करंट क्षमता ठरवताना पॅनेलच्या मागच्या पट्टीवरील शॉर्ट सर्किट करंट घेऊन त्याला १.२५ ने गुणावे. समांतर जोडलेल्या १०० वॅटच्या दोन पॅनेलचा हा करंट सुमारे १२ अँपिअर होतो, गुणाकार १५ येतो, तेव्हा २० अँपिअरचा कंट्रोलर योग्य ठरतो. एमपीपीटीसाठी पॅनेल मालिकेत जोडताना थंडीचाही हिशोब करावा, कारण पॅनेल जितके थंड तितका खुला व्होल्टेज वाढतो: अंशागणिक सुमारे ०.३ टक्के. २२ व्होल्टची तीन पॅनेल मालिकेत ६६ व्होल्ट देतात. पण शून्य अंश तापमानाच्या सकाळी तेच ७१ च्या घरात जातात. कंट्रोलरची मर्यादा ओलांडली गेली, तर तो त्या क्षणीच जळू शकतो.

आता जागेविषयी. कंट्रोलर बॅटरीपासून शक्यतो एक मीटरच्या आत, भिंतीवर उभा, वर-खाली हवा खेळेल असा बसवावा. तो बॅटरीच्या थेट डोक्यावर मात्र नसावा, कारण चार्जिंगच्या शेवटी बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की एक ठिणगीही स्फोटाला पुरते. बॅटरी बंद पेटीत ठेवली असेल, तर पेटीच्या वरच्या बाजूला वायू बाहेर जाण्यासाठी झरोका हवाच.

अंतराचा आग्रह का, हे मी एका फसलेल्या जोडणीतून शिकलो. १०० अँपिअर-तासाची पाण्याची (म्हणजे अधूनमधून पाणी घालावे लागते अशी) बॅटरी होती आणि कंट्रोलर सोयीचा म्हणून पॅनेलच्या बाजूला, बॅटरीपासून ६ मीटरवर लावला होता. मधली वायर २.५ चौरस मिलीमीटरची होती. दुपारी १० अँपिअर करंट वाहत असताना कंट्रोलरच्या पडद्यावर १४.४ व्होल्ट दिसत आणि त्याच क्षणी मल्टिमीटरची टोके बॅटरीच्या पोलवर टेकवली, तर १३.५ दिसत. जवळजवळ ०.९ व्होल्ट जाण्यायेण्याच्या १२ मीटर तांब्यात गळत होते. कंट्रोलरची समजूत अशी की बॅटरी भरत आली. म्हणून तो वेळेआधीच करंट आखडता घेई आणि ठरलेला अवधी संपला की फ्लोटवर, म्हणजे भरलेली बॅटरी तशीच टिकवून ठेवणाऱ्या कमी व्होल्टेजवर, जाई. काही महिन्यांत प्लेटांवर सल्फेट साचले आणि बॅटरीची क्षमता कायमची घटली. पुढच्या वेळी कंट्रोलर बॅटरीजवळ आणला, ६ चौरस मिलीमीटरची एक मीटर वायर घातली आणि दोन ठिकाणच्या मोजमापातला फरक ०.०६ व्होल्टवर आला. जोडणी पूर्ण झाल्यावर, भर उन्हात, ही दोन मोजमापे प्रत्येकाने घ्यावीत. फरक ०.१ व्होल्टपेक्षा जास्त आला, तर वायर बारीक आहे किंवा कुठला तरी सांधा सैल आहे असे समजावे.

जोडणीला हात लावण्यापूर्वी अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे. १२ व्होल्टचा झटका बसत नाही. पण दोन पोलांमध्ये आडवा पडलेला पाना बॅटरीच्या शॉर्ट सर्किट करंटने काही क्षणांत लाल होतो. पॅनेलवर जाड कापड टाकावे. मग पहिल्यांदा बॅटरी जोडावी: आधी कंट्रोलरकडची टोके, नंतर बॅटरीकडची, आणि पॉझिटिव्ह वायरमध्ये बॅटरीच्या पोलपासून वीतभर अंतरात फ्यूज. २० अँपिअरच्या कंट्रोलरला २५ ते ३० अँपिअरचा फ्यूज चालतो, फक्त वायर त्याहून जास्त करंट पेलणारी असावी, कारण फ्यूज राखतो तो वायरला. घरगुती एसी वायरिंगचा एमसीबी येथे वापरू नये. डीसीची ठिणगी सहज विझत नाही.

बॅटरी जोडताच कंट्रोलर जागा होतो आणि प्रणाली १२ ची की २४ ची हे ओळखतो. पडद्यावरचा आकडा तपासूनच पुढे जावे. त्यानंतर पॅनेल जोडावे, ध्रुव मल्टिमीटरने पडताळून. आणि शेवटी लोड, म्हणजे दिव्यांसारखी उपकरणे. काढताना क्रम उलटा: लोड, पॅनेल, बॅटरी. पॅनेल चालू असताना बॅटरी सोडवली, तर पॅनेलचा २० व्होल्टच्या वरचा दाब थेट दिव्यांवर जाण्याचा धोका असतो. इन्व्हर्टर कंट्रोलरच्या लोड टर्मिनलवर कधीही लावू नये. तो स्वतंत्र फ्यूज घालून बॅटरीवरच जोडावा.

स्क्रू आवळण्याकडे लोक फार दुर्लक्ष करतात. बारीक तारांची वायर सोलून नुसती पिळली आणि टर्मिनलमध्ये खुपसली, तर दोनचार तारा हमखास बाहेर राहतात आणि त्यातली एखादी शेजारच्या टर्मिनलला टेकते. टोकाला लग (वायरच्या टोकावर बसणारा धातूचा तुकडा) दाबून बसवावा, स्क्रू घट्ट करावा आणि वायर हाताने ओढून पाहावी. आठवड्याने पुन्हा आवळावे, कारण तांबे दाबाखाली थोडे बसते आणि स्क्रू सैल होतो. वापरात एखादे टर्मिनल इतरांपेक्षा गरम लागले, तर तिथला सांधा कच्चा आहे.

सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकार निवडणे सर्वांत महत्त्वाचे. अंतिम शब्द बॅटरीच्या माहितीपत्रकाचा असतो. पण २५ अंश तापमानाला १२ व्होल्टच्या पाण्याच्या बॅटरीला चार्जिंगसाठी साधारण १४.४ ते १४.८ व्होल्ट, एजीएमला (आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेली बंद बॅटरी) १४.४ ते १४.७ आणि जेलला (आम्ल जेलीसारखे घट्ट केलेली बंद बॅटरी) १४.१ ते १४.२ लागतात. फ्लोट १३.५ ते १३.८ च्या दरम्यान असतो. तापमान वाढले की हे आकडे उतरवावे लागतात, प्रत्येक सेलमागे अंशाला ३ ते ५ मिलिव्होल्ट. ४ धरले, तर ४० अंशांवर १४.४ चे १४.०४ व्हायला हवेत आणि १० अंशांवर १४.७६. कंट्रोलरला बाहेरचा तापमान सेन्सर असेल, तर तो बॅटरीच्या बाजूला चिकटवावा. सेन्सर आतच असेल, तर कंट्रोलर आणि बॅटरी दोघांना एकाच खोलीत, सारख्याच सावलीत ठेवावे.

लोड तोडण्याचा व्होल्टेज बहुतेक कंट्रोलरवर ११.१ असतो. एवढ्यावर येईपर्यंत बॅटरी जवळजवळ रिकामी झालेली असते. बदलण्याची सोय असल्यास तो ११.८ पर्यंत वर न्यावा. दिवे थोडे आधी बंद होतील, पण बॅटरी कितीतरी जास्त टिकेल.

रोजच्या वापरात पहाटे, पॅनेल सुरू होण्याआधी आणि लोड बंद असताना, व्होल्टेज पाहण्याची सवय लावावी. १२.७ म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. दुपारी चार्जिंगचा करंट शून्याजवळ आलेला दिसला, तर घाबरू नये. बॅटरी भरल्यावर कंट्रोलरने करंट रोखणे हेच त्याचे काम आहे.

पाण्याच्या बॅटरीत महिन्यातून एकदा पातळी पाहावी आणि पूर्ण चार्जनंतर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. प्लेटा उघड्या पडल्या असतील, तर मात्र त्या झाकण्यापुरते पाणी चार्जच्या आधीच घालावे. भरलेल्या बॅटरीत हायड्रोमीटर (आम्लाची घनता मोजणारे साधन) प्रत्येक सेलला १.२६५ ते १.२८० दाखवतो. सेलांमध्ये ०.०३० पेक्षा अधिक तफावत आली, तर इक्वलायझेशन, म्हणजे सगळे सेल सारखे व्हावेत म्हणून मुद्दाम जास्त व्होल्टेजने केलेले चार्जिंग, चालवावे, तेही फक्त पाण्याच्या बॅटरीवर, झाकणाची छिद्रे मोकळी ठेवून आणि खिडक्या उघडून. एजीएम आणि जेलसाठी ही सेटिंग बंदच ठेवावी. दोनदा इक्वलायझेशन करूनही एकच सेल मागे राहत असेल, तर दोष कंट्रोलरचा नाही. तो सेल गेला आहे आणि बॅटरी बदलावी लागेल.