सेलमच्या जुन्या जहाजाची सफर कागदांवरून कशी वाचायची

सेलम म्हटलं की बहुतेकांना १६९२ चे चेटकिणींचे खटले आठवतात, पण त्यानंतर शंभर वर्षांनी मॅसॅच्युसेट्समधलं हेच गाव दर्यावर श्रीमंत झालं. १७९० च्या जनगणनेत लोकसंख्या फक्त ७,९२१ आणि तरी अमेरिकेतल्या पहिल्या दहा शहरांत नाव. इथली जहाजं मुंबई, सुरत, कलकत्ता, सुमात्रा, चीनमधल्या कँटनपर्यंत जायची. गावाच्या जुन्या शिक्क्यावर सुमात्राचा माणूस आहे आणि खाली लॅटिनमध्ये लिहिलंय, श्रीमंत इंडीजच्या शेवटच्या बंदरापर्यंत. आपल्या वेंगुर्ला, मालवण, रत्नागिरी, जयगड भागातली बरीच मंडळी हल्ली आपल्या बंदरांचा इतिहास शोधतायत, शाळेतली मुलंपण प्रोजेक्ट करतात, आणि सगळ्यांची अडचण एकच की आपल्या गलबतांचे कागद फार कमी उरलेत. सेलमचे भरपूर उरलेत. म्हणून मी सांगेन की आधी सेलमची एखादी सफर नीट वाचायला शिका, मग आपल्याकडचा एखादा जकातीचा तुटका कागद हातात आला तरी त्यात काय विचारायचं ते कळतं.

एक गोष्ट पहिल्यापासून पक्की धरा. माल धरून चालायचं, कप्तान धरून नाही. कप्तानांच्या पराक्रमाच्या गोष्टी खूप मिळतात, वाचायला छान असतात, पण व्यापार कसा चालायचा ते मालाच्या मागे गेल्याशिवाय समजत नाही. एक वही करा, एका सफरीला दोन पानं, आणि कॉलम एवढेच: तारीख, बंदर, काय चढलं, काय उतरलं, कोणाचं होतं, पैसे कुठून आले. कोणाचं होतं हा कॉलम शेवटपर्यंत सोडायचा नाही, खरी गंमत तिथेच आहे.

कागद शोधायला लागाल तेव्हा मिस्टिक सीपोर्ट म्युझियमच्या साइटवर सेलमच्या खलाशांच्या याद्यांची १७९९ ते १८७९ ची सूची आहे, आणि लॉगबुकं म्हणजे जहाजाच्या रोजच्या नोंदवह्या, पत्रं, हिशोब यांचा मोठा साठा पीबॉडी एसेक्स म्युझियमच्या फिलिप्स लायब्ररीत आहे. एवढं टिकलं कसं, तर १७९९ मध्ये तिथल्या कप्तानांनी ईस्ट इंडिया मरीन सोसायटी काढली. मेंबर व्हायला केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्नला वळसा घालून आलेला कप्तान किंवा सुपरकार्गो असावं लागायचं, आणि सफरीच्या रोजनिशा सोसायटीत जमा व्हायच्या. सुपरकार्गो म्हणजे मालकांच्या वतीने मालाची खरेदीविक्री बघणारा माणूस, जहाज चालवणं त्याचं काम नाही.

सुरुवात बंदराच्या नकाशाने करा. डर्बी व्हार्फ हा धक्का जवळजवळ अर्धा मैल समुद्रात गेलाय. एवढा लांब का, हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही, पाणी उथळ आहे, ओहोटीला चिखल उघडा पडतो, जहाजाला धक्क्याला लागायचं तर भरती बघावी लागते. राजापूरचं बघा, खाडीच्या पार आत, मोठी जहाजं जैतापूरला थांबायची आणि माल छोट्या होड्यांनी वर जायचा. सेलमलाही पुढे हेच नडलं, जहाजं मोठी होत गेली, त्यांना खोल पाणी लागायला लागलं आणि व्यापार बॉस्टनकडे सरकला. त्यामुळे जहाज धक्क्याला लागलं की बाहेर नांगरलं ते कागदात मिळालं तर लिहून ठेवा, माल उतरवायच्या खर्चात फरक दिसतो.

मग जहाजाचं रजिस्टर काढा, म्हणजे सरकारी नोंदणीचा कागद. त्यात बांधणीचं गाव, साल, मालकांची नावं, कप्तान, मापं आणि टनेज असतं. मालक सहसा एक नसतो, कोणाचा अर्धा हिस्सा, कोणाचा आठवा, कोणाचा सोळावा, कारण एकाच जहाजात सगळे पैसे घालून ते बुडालं तर घर बसायचं. आता टनेज म्हणजे वजन नाही, मापावरून काढलेला आकडा आहे. त्या काळचा अमेरिकन नियम असा: लांबीतून रुंदीचा तीन पंचमांश वजा करा, त्याला रुंदीने गुणा, मग खोलीने गुणा आणि ९५ ने भागा. दोन डेकचं जहाज असेल तर खोली म्हणून रुंदीच्या निम्मी धरायची. समजा लांबी १०० फूट, रुंदी २८. तर २८ चे तीन पंचमांश १६.८, १०० मधून गेले की ८३.२, गुणिले २८ गुणिले १४, भागिले ९५, उत्तर साधारण ३४३ टन. सेलमचं प्रसिद्ध फ्रेंडशिप जहाज १७९७ चं, ते ३४२ टनांचं होतं, म्हणजे केवढं जहाज असेल त्याचा अंदाज आला. हे गणित मुलांकडून करून घ्या आणि शाळेच्या मैदानात १०० फूट मोजून दोरी लावा, एवढ्याशा लाकडी जहाजातून माणसं अर्धी पृथ्वी ओलांडायची हे त्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

टनेजवर कर पण होता. १७८९ च्या कायद्यात अमेरिकेत बांधलेल्या आणि अमेरिकन मालकीच्या जहाजाला टनामागे ६ सेंट आणि परक्या जहाजाला ५० सेंट. म्हणून रजिस्टरला एवढी किंमत, तो कागद नसेल तर आपलंच जहाज परकं धरलं जायचं.

यानंतर बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजावर चढल्याची कप्तानाने सही करून दिलेली पावती. हा कागद हळूहळू, एकेक ओळ वाचा. बहुतेक वेळा छापील फॉर्म असतो, मधल्या रिकाम्या जागा शाईने भरलेल्या. सुरुवातच अशी की देवाच्या कृपेने, चांगल्या स्थितीत, अमक्याने माल चढवला, मग जहाजाचं नाव, कप्तानाचं नाव, जहाज आत्ता कुठे नांगरलंय, कुठे जाणार. डावीकडच्या मोकळ्या जागेत व्यापाऱ्याची खूण काढलेली असते, दोन अक्षरं, कधी चौकटीत, आणि खाली नंबर १ ते २०, म्हणजे पोत्यांवर किंवा पेट्यांवर हीच खूण रंगवलेली. मग अट येते की समुद्राचे धोके सोडून बाकी सगळी जबाबदारी आमची, मग भाडं, आणि शेवटी लिहिलेलं असतं की एकाच मजकुराच्या तीन प्रती केल्यात, एक पुरी झाली की उरलेल्या दोन रद्द. तीन का, तर एक प्रत माल पाठवणाऱ्याकडे, एक जहाजाबरोबर, आणि एक दुसऱ्या जहाजाने पुढे पाठवायची, हे बुडालं तरी ती पोचावी. कितीतरी फॉर्मच्या शेवटी देव या जहाजाला इच्छित बंदरी सुखरूप नेवो, आमेन, असंही छापलेलं असतं. ती खूण तुमच्या वहीत जशीच्या तशी काढून घ्या, कारण पुढे इन्व्हॉइसमध्ये आणि कस्टमच्या नोंदीत नाव नसलं तरी ती खूण भेटते आणि माल कोणाचा ते लागतं.

आता सगळ्यात भारी भाग. जहाजात फक्त मालकांचा माल नसायचा. कप्तानाला आणि अधिकाऱ्यांना स्वतःचा थोडा माल भाडं न देता नेता यायचा, त्याला प्रिव्हिलेज म्हणायचे, आणि गावातली बाकी माणसं, एखादी विधवा, एखादा दुकानदार, एखादा साधा खलाशी, कप्तानाच्या हाती थोडे डॉलर किंवा थोडा माल द्यायची, की तिकडे विका आणि येताना अमुक आणा. मुंबईला निघालेल्या माणसाबरोबर शेजारपाजारचे पिशव्या देतात तसंच, फरक एवढा की इथे प्रत्येकाचा वेगळा हिशोब लिहिलेला आणि कप्तानाचं कमिशन कापलेलं. यांना ॲडव्हेंचर म्हणायचे. हे छोटे हिशोब लोक वाचतच नाहीत, सरळ पुढे जातात, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण बंदराचं गाव म्हणजे काय ते इथेच दिसतं. दोन मोठ्या घराण्यांचे वाडे बघून कळत नाही, पन्नास डॉलर देऊन वर्षभर वाट बघणाऱ्या बाईच्या हिशोबावरून कळतं.

मालकांनी कप्तानाला दिलेलं सूचनापत्र मिळालं तर सोन्याहून पिवळं. त्यात साधारण असं असतं की आधी मॉरिशसला जा, तिथे भाव नसेल तर भारतात जा, आणि प्रसंग पडेल तसं तुमच्या अकलेने करा. पत्राचं उत्तर यायला वर्ष गेलं असतं, दुसरा इलाजच नव्हता. सूचनापत्रातली बंदरं एका रंगात आणि लॉगमधली दुसऱ्या रंगात लिहा, जिथे फरक पडला तिथे काय झालं ते शोधायचं.

लॉगबुक वाचताना तारखेची मोठी भानगड आहे. त्या काळी समुद्रावरचा दिवस दुपारी बारा वाजता सुरू व्हायचा, आणि तो आपल्या तारखेच्या अर्धा दिवस आधी. म्हणजे लॉगमध्ये ५ मार्च, दुपारी दोन असं असेल तर जमिनीवर तेव्हा ४ मार्चची दुपार आहे. ५ मार्चची सकाळ मात्र दोन्हीकडे ५ मार्चच. बंदरात शिरल्यावर बरेच जण परत जमिनीवरची तारीख धरतात, तेव्हा एक नोंद अर्ध्याच दिवसाची दिसली तर घाबरू नका. पानावर एच म्हणजे तास, के म्हणजे नॉट, तासाला एक सागरी मैल हा वेग, एफ म्हणजे नॉटचा बारीक भाग, मग दिशा, वारा आणि शेरा. वेग मोजायला गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडायचे आणि वाळूचं छोटं घड्याळ उलटं करायचे. २८ सेकंदांचं घड्याळ असेल तर दोन गाठींमधलं अंतर साधारण ४७ फूट येतं, ६,०७६ फुटांचा सागरी मैल धरून स्वतः गणित करून बघा.

अक्षांशावर विश्वास ठेवा, दुपारचा सूर्य मोजून काढलेले असतात. रेखांश जपून घ्या. अचूक घड्याळ सगळ्या जहाजांवर नव्हतं, कितीतरी जण वेग आणि दिशेच्या अंदाजाने काढायचे, नाहीतर चंद्र आणि सूर्य किंवा एखादा तारा यांच्यातलं कोनाचं अंतर मोजून. सेलमचाच नॅथॅनिएल बाऊडिच, जन्म १७७३, त्याने जुन्या कोष्टकांतल्या हजारो चुका दुरुस्त करून १८०२ मध्ये नौकानयनाचं पुस्तक छापलं, आणि हे चंद्राचं गणित त्याने साध्या खलाशांनाही शिकवलं होतं.

वाऱ्याच्या कॉलममध्ये मात्र तुम्ही तिकडच्या वाचकापेक्षा पुढे आहात. जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा, धुवांधार पाऊस, शिडं कमी केली असं वाचलं की आपल्याला लगेच चित्र दिसतं. मोठं जहाज पावसाळ्यात मुंबईत शिरू शकायचं, पण आगोट लागली की किनाऱ्यावरची गलबतं वर ओढलेली, ती नारळी पौर्णिमेनंतरच पाण्यात, म्हणजे आजूबाजूच्या बंदरांतून माल येणं थांबलेलं. तेव्हा जहाज मुंबईत कुठल्या महिन्यात पोचलं, किती दिवस पडून राहिलं आणि मालाला काय भाव दिला, हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी मांडा. मुंबईत नसरवानजी माणकजी वाडिया हे पारशी व्यापारी अमेरिकन कप्तानांची कामं बघायचे, त्यांचं चित्र आजही सेलमच्या म्युझियममध्ये आहे, त्यांचं नाव वेगवेगळ्या स्पेलिंगने येतं, तेव्हा नजर ठेवा.

वजनं आणि पैसे. अमेरिकेकडे इथे खपण्यासारखा माल थोडा, दारू, तंबाखू, डांबर, लोखंड वगैरे, त्यामुळे पेट्या भरून स्पॅनिश चांदीचे डॉलर यायचे. हे डॉलर अमेरिकेतही १८५७ पर्यंत कायदेशीर चलन होते, म्हणून हिशोबात नुसतं डॉलर असेल तर कुठला ते तपासा. १७८९ मध्ये सेलमचा व्यापारी एलियास हॅस्केट डर्बी याच्या पेगी जहाजाने मुंबईचा कापूस सेलमला नेला. असा कापूस खंडीत मोजलेला दिसला की थांबा, मुंबईची साधी खंडी ५६० पौंडांची आणि कापसाची ७८४ पौंडांची, चुकीची धरली तर सगळा नफा उलटासुलटा होतो.

१७९४ च्या अमेरिका आणि ब्रिटनमधल्या जे कराराच्या १३ व्या कलमाने अमेरिकन जहाजांना ब्रिटिश भारतात व्यापाराची मुभा दिली, पण इथला माल थेट अमेरिकेलाच न्यायचा, मध्ये दुसरीकडे विकायचा नाही अशी अट घातली. करार लागू असतानाच्या सफरीत मुंबईहून माल घेऊन कँटन दिसलं तर तो मुद्दा वहीत लाल शाईने.

परत आल्यावरची कस्टमची नोंद वाचताना ड्रॉबॅक शोधा, म्हणजे आलेला माल परत परदेशी पाठवला की भरलेली जकात बरीचशी परत मिळायची. सुमात्राची मिरी सेलमला उतरायची आणि त्यातली बरीच युरोपला जायची. ड्रॉबॅक न बघता हिशोब केला तर वाटेल एवढी मिरी सेलमचे लोक खात होते की काय.

आणि हे टाळू नका, भारताच्या सफरींचे पैसे मुळात आले कुठून. सेलमचा जुना धंदा सुक्या कॉड माशाचा. चांगला मासा स्पेनकडे आणि हलका वेस्ट इंडीजला, तिथल्या उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांना खायला, आणि येताना काकवी आणि साखर. सुक्या मासळीचा व्यापार आपल्याला परका नाही, म्हणून तर इन्व्हॉइसवर माशाची प्रत लिहिलेली दिसली की तो मासा कोणाच्या ताटात जाणार होता ते पैसे कुठून आले या कॉलममध्ये स्पष्ट लिहा. खलाशांच्या यादीत उंची, वर्ण, जन्मगाव असतं, तेही उतरवून घ्या, किती काळे खलाशी होते आणि कुठले होते ते त्यातून निघतं.

मध्येच सफरी तुटलेल्या दिसल्या तर आधी साल बघा. डिसेंबर १८०७ ते मार्च १८०९ अमेरिकेच्या सरकारनेच आपल्या जहाजांना परदेशी जायला बंदी केली होती, आणि १८१२ पासून इंग्लंडशी युद्ध. साल जुळत नसेल तर रजिस्टरकडे परत जा. रजिस्टर जमा करताना त्यावर कारण लिहायचे, विकलं, मालक बदलला, बुडालं, शत्रूने धरलं. फ्रेंडशिप सप्टेंबर १८१२ मध्ये इंग्रजांनी पकडलं. मालक बदलला असेल तर नवीन रजिस्टरचा नंबर घ्या आणि वहीत पुढची दोन पानं उघडा.