डिशची केबल घेताना या चुका टाळा

डीडी फ्री डिश बसवताना छत्री, एलएनबी (छत्रीसमोर बसवलेला, सिग्नल पकडणारा भाग) आणि बॉक्स लोक पारखून घेतात. केबल मात्र दुकानदार कापून देईल ती. मग चित्राचे चौकोन पडायला लागले की छत्री हलवून बघतात, एलएनबी बदलतात, आणि दोष बऱ्याचदा भिंतीवरून उतरलेल्या त्या वायरमध्येच असतो.

ही केबल एकाच वेळी दोन कामं करते. एलएनबीकडून 950 ते 2150 मेगाहर्ट्‌झचा सिग्नल खाली बॉक्सकडे येतो, आणि बॉक्सकडून 13 किंवा 18 व्होल्टची डीसी वीज वर एलएनबीकडे जाते. 13 व्होल्ट मिळाले की एलएनबी व्हर्टिकल (उभ्या लहरींचा) सिग्नल घेतो, 18 मिळाले की हॉरिझॉन्टल (आडव्या लहरींचा). केबल या दोन्ही कामांना पुरी पडली पाहिजे.

घरात पडलेली जुनी वायर लावणे

केबल टीव्हीच्या काळातली आरजी-59 वायर अनेक घरांत अजून भिंतीत आहे. तीही डिशच्या केबलसारखी 75 ओहमचीच, म्हणून चालून जाईल असं वाटतं. पण तिची मधली तार बारीक आणि तिच्याभोवतीची धातूची जाळी विरळ असते, आणि 2000 मेगाहर्ट्‌झच्या आसपास ती डिशसाठी वापरतात त्या आरजी-6 केबलपेक्षा सिग्नलचं बरंच जास्त नुकसान करते. पाच-सात मीटरला निभावेल, गच्चीवरून खाली आणायला नको. वायरलेस सेटची आरजी-58 तर अजिबात नको. ती 50 ओहमची असते.

घरासाठी आरजी-6 घ्या. वरच्या फ्रिक्वेन्सीला चांगल्या आरजी-6 मध्ये सिग्नलमध्ये 100 मीटरला साधारण 30 डेसिबल घट होते, म्हणजे 20 मीटरला 6. तीस-चाळीस मीटरपर्यंत काळजी नाही. त्यापुढे जाड आरजी-11 घ्या किंवा लाइन ॲम्प्लिफायर लावा. ॲम्प्लिफायर छत्रीजवळच हवा, टीव्हीमागे नको. अशक्त होऊन खाली आलेला सिग्नल वाढवला तर त्याच्याबरोबर गोंगाटही वाढतो.

आतली तार न बघता घेणे

ही चूक सगळ्यात महागात पडते. वरून सगळ्या आरजी-6 सारख्याच दिसतात, मधली तारही तांबूसच असते. पण स्वस्त केबलमध्ये ती पोलादाची असते आणि वर तांब्याचा पातळ मुलामा असतो. सिग्नलला याने फारसा फरक पडत नाही, कारण इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहतो. डीसी वीज मात्र तारेच्या पूर्ण जाडीतून जाते आणि पोलाद तिला अडवतं. 1 मिलिमीटर जाडीच्या शुद्ध तांब्याच्या तारेचा रोध 100 मीटरला सुमारे 2 ओहम, मुलामा दिलेल्या पोलादाचा 9 ते 10 ओहम. लांब केबलवर एलएनबीने 200 मिलिअँपिअर ओढले की व्होल्टेज पडतं. वर 18 ऐवजी 15 च्या खाली पोचलं तर एलएनबी गोंधळतो. अशा वेळी ठरावीक चॅनल जातात, बाकीचे स्वच्छ दिसतात, आणि माणूस छत्रीची दिशाच तपासत बसतो.

दुकानात दोन गोष्टी करा. टोक सोलून तारेला लोहचुंबक लावा. चिकटला तर आत पोलाद आहे. नाही चिकटला तर ब्लेडने तार खरवडा. खाली पांढरा धातू दिसला तर ते ॲल्युमिनियम आहे. आतपर्यंत तांबूस असेल तरच ते तांबं. दहा मीटरच्या आतल्या जोडणीला पोलादी तार चालते, उगाच जास्त पैसे घालू नका. वीस-पंचवीस मीटर आणि पुढे मात्र शुद्ध तांबंच.

त्याच टोकावर जाळीही बघा. फॉइलवरची जाळी दाट हवी. मोजून पंधरा-वीस केसांसारख्या बारीक तारा दिसत असतील तर ती केबल परत द्या.

बाहेर पांढरी केबल टाकणे

पांढरं पीव्हीसी आवरण घरात शोभून दिसतं, उन्हात ते दोन-तीन वर्षांत कडक होऊन तडकतं. बाहेर काळ्या पॉलिथिलीन आवरणाचीच केबल टाका. कोकणात आणि गोव्यात समुद्राजवळ खारी हवा तड्यातून शिरली की ॲल्युमिनियमच्या जाळीची पांढरी पूड होते.

कनेक्टरवर पैसे वाचवणे

पिळून बसवायचा कनेक्टर घराबाहेर वापरू नका. कॉम्प्रेशनचा (हत्याराने दाबून बसवायचा) घ्या, आणि तो आरजी-6 च्याच मापाचा असू द्या. टोक सोलताना मधली तार आणि जाळी प्रत्येकी साधारण 6 मिलिमीटर उघडी ठेवा आणि जाळी आवरणावर मागे दुमडा. आतला पांढरा फोम कनेक्टरच्या आतल्या तळाशी सपाट बसला पाहिजे, आणि तार नटच्या कडेपुढे 1 ते 2 मिलिमीटर आली पाहिजे. जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला टेकला तरी शॉर्ट होतो. म्हणून टोक उजेडात धरून नीट बघा. जोडताना-सोडताना बॉक्सचा प्लग काढलेला असावा.

एका केबलवर स्प्लिटर (सिग्नल दोन वाटांत विभागणारा तुकडा) लावून दोन बॉक्स चालवू नका. एक बॉक्स 13 व्होल्ट मागतो, दुसरा 18, आणि साधा केबल टीव्हीचा स्प्लिटर 1000 मेगाहर्ट्‌झच्या पुढे नीट चालतही नाही. दोन बॉक्सला दोन आउटपुटचा एलएनबी आणि दोन स्वतंत्र केबली.

टाकताना

छत्रीपासून बॉक्सपर्यंत दोरीने मोजा, वर 2 मीटर जास्त धरा. उरलेली दहा मीटर वेटोळी टीव्हीमागे ठेवू नका, कापून टाका. वळण बशीएवढं गोल असू द्या. काटकोनात मुडपलं की आतला फोम दबतो, तार मध्यावरून सरकते आणि तिथूनच सिग्नल परत फिरतो. खिळा ठोकून केबल चेपली तरी हेच होतं. घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळावरून गळून जाईल. एलएनबीजवळच्या कनेक्टरवर रबरी टोपी किंवा एकजीव होणारी रबर टेप लावा. साधी विजेची टेप पहिल्याच पावसाळ्यात सुटते.

पावसात चित्र गेलं तर

धो धो पावसात चित्र जाऊन पाऊस ओसरल्यावर लगेच परत आलं, तर तो पावसाचाच परिणाम आहे. केबलला हात लावू नका. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी चित्र अडकत असेल, तर पाणी आत गेलंय. कनेक्टर काढून एलएनबीकडचं टोक बघा. तार काळी किंवा हिरवट असेल तर अर्धा फूट कापून पुन्हा सोला. चकचकीत धातू लागला की नवा कनेक्टर बसवा. मीटरभर कापूनही जाळी काळीच निघाली, तर पाणी जाळीतून झिरपत खाली उतरलं आहे. ती केबल पूर्ण बदला, आणि बॉक्सच्या तोंडाशी ओल आली आहे का तेही बघा.