बारा सेंटिमीटरची म्हातारी

पाच महिने मी कॉम्प्युटरवर एकाच म्हातारीची थ्रीडी मूर्ती घडवत होते, छापून हातात घ्यायला. खांद्यावर मासेमारीचं जाळं, डाव्या हातात कंदील, वाऱ्याला पाठ देऊन उभी. कुणाच्या गोष्टीतली नाही, माझ्या डोक्यातली. गालावरची छिद्रं काढायलाच अकरा दिवस गेले होते. जाळ्याचा एकेक धागा सुटा होता. रेझिन प्रिंटरमधून (पडद्याच्या उजेडाने द्रव रेझिन थर-थर घट्ट करणारा थ्रीडी प्रिंटर) ती बाहेर आली तेव्हा चेहरा झिजलेल्या साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत होता, जाळ्याच्या जागी चार तुटकी कुसळं होती आणि कंदील व्हॅटच्या, म्हणजे रेझिनच्या तबकाच्या, तळाला चिकटून राहिला होता. त्या रात्री मी रडले. अजूनही ते आठवलं की पोटात खड्डा पडतो, म्हणून आधी तेच सांगते.

सॉफ्टवेअरमधले ब्रश कसे चालतात, रिमेश (मॉडेलचा पृष्ठभाग नव्याने विणणं) कधी करायचं, सिमेट्री (डावं-उजवं आपोआप सारखं ठेवणं) कधी बंद करायची हे तुम्ही एव्हाना शिकला असाल. मूर्ती घडवायला झेडब्रश हे सॉफ्टवेअर की ब्लेंडर यावर वेळ घालवू नका. ब्लेंडर फुकट आहे आणि पहिली दोन वर्षं त्यात आरामात निघतात. मला अडवलं ते सॉफ्टवेअरने नाही.

पडद्यावरच्या मॉडेलला उंचीच नसते, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. झूम केलं की डोळा ताटाएवढा होतो आणि आपण त्या ताटात नक्षी भरत बसतो. हे मला दाखवलं माझ्या मावसबहिणीने. ती दातांच्या लॅबमध्ये कॅप आणि ब्रिज डिझाइन करते, तिचं सगळं काम मिलिमीटरच्या अपूर्णांकात. तुटलेली म्हातारी हातात फिरवत तिने विचारलं, "उंची किती धरली होतीस?"

"छापताना बघू म्हटलं, ताई."

"मग जाडी कशावरून ठरवलीस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग तिने कागद ओढला. तो हिशेब मी इथे पुरा मांडते, कंटाळा आला तरी वाचा.

माणूस १८० सेंटिमीटरचा आणि मूर्ती १२ सेंटिमीटरची, म्हणजे सगळं पंधरा पटीने लहान. खरा डोळा साधारण ३० मिमी रुंद, तो झाला २ मिमी. पापणीच्या कडेची जाडी २ मिमी धरली, तर ती झाली ०.१३ मिमी. माझ्या प्रिंटरच्या पडद्याचा एक पिक्सेल ०.०५ मिमीचा. म्हणजे अख्खी पापणी अडीच पिक्सेलांत बसवायची. जाळ्याचा धागाही खरा २ मिमीचा, तोही ०.१३ वर आला. आणि प्रत्येक थर व्हॅटच्या तळापासून सोलून निघताना बसणारी ओढ त्याने एकट्याने सोसावी अशी माझी अपेक्षा! त्वचेचं छिद्र ०.१ मिमी धरा. पंधराने भागलं की ०.००७, एका पिक्सेलचा सातवा हिस्सा. ते अकरा दिवस प्रिंटरला दिसलेच नव्हते.

याचा अर्थ लहान मूर्तीत बारकावा नको असा नाही. बारकावा खोटा करावा लागतो. वरची पापणी आता मी दुपटीने जाड करते आणि तिच्याखाली खोल खाच घेते, म्हणजे सावली पडते आणि नजर येते. पडद्यावर सॉफ्टवेअरचा उजेड आपल्याला लाडावून ठेवतो. राखाडी रेझिनवर उथळ रेघ पार विरून जाते. झग्याची कड मी १ मिमीच्या खाली नेत नाही. जाड दिसू नये म्हणून फक्त त्या कडेचा बाहेरचा काठ आतून उतरता कापते, मागे भरीवपणा तसाच ठेवते. आणि जाळं? ते धाग्यांचं करायचंच नाही. खांद्यावरून ओघळणारी एक भरीव घडी करायची, तिच्यावर शंकरपाळ्याच्या आकाराच्या खाचा अर्धा मिमी खोल घ्यायच्या, आणि कडेला दोनच फास सुटे सोडायचे, तेही मिलिमीटरभर जाड. बघणाऱ्याचा डोळा उरलेलं जाळं स्वतःच विणतो.

आता कामाला बसले की पहिला ब्रश फिरवण्याआधी बाजूला १२० मिमीचा खांब आणि १ मिमीची गोळी ठेवते. मग खरी पट्टी मॉनिटरला लावते आणि मूर्ती पडद्यावर बरोबर १२ सेंटिमीटर दिसेपर्यंत झूम कमी करते. तो कॅमेरा, म्हणजे तेवढ्या झूमचं दृश्य, सेव्ह. दर पंधरा-वीस मिनिटांनी त्यावर परत यायचं. तिथे दिसत नाही ते करायचं नाही. अगदी मोह झाला तरी नाही. तिथेच मूर्ती पूर्ण काळी करूनही बघा. नुसत्या आकृतीवरून ती म्हातारी आहे, थकलेली आहे आणि हट्टी आहे हे कळत नसेल, तर सुरकुत्या घालून कळणार नाही. पात्र स्वतःचं असण्याचा सगळा कस तिथे लागतो.

याच गफलतीचं एक छोटं भावंड आहे. छपाईसाठी मॉडेल ज्यात पाठवतात त्या एसटीएल फाइलमध्ये एकक साठवलेलं नसतं, फक्त आकडे असतात. ब्लेंडरचं मूळ सेटिंग मीटरमध्ये आणि स्लायसर (मॉडेलचे छपाईसाठी थर पाडणारं सॉफ्टवेअर) धरतो मिलिमीटर, त्यामुळे दोन मीटरचं पात्र दोन मिमीचं होऊन उघडतं. घाबरू नका, फाइल बिघडलेली नसते, हजार पट करा. पण तिथे अंदाजाने ओढून मोठं करू नका. तसं केलंत की वरचा सगळा हिशेब वाया गेला.

आता जरा कडू बोलते. शेकडो ब्रशचे तयार संच घेऊ नका. माझ्याकडे होते, वापरते पाच. तयार डोक्याची मेश (चौकोनांनी विणलेलं मॉडेल) घेऊन त्यावर नाक बदलणं हा सराव म्हणून ठीक, पण त्याला स्वतःचं पात्र म्हणू नका. शब्द टाइप करून मॉडेल काढणाऱ्या साधनांचंही माझं हेच मत आहे. जाडीचा निर्णय तुम्ही घेतला नसेल तर मोडल्यावर दुरुस्तीही तुम्हाला सुचणार नाही. स्वयंचलित सपोर्ट (छापताना मूर्तीला धरून ठेवणारे, नंतर काढायचे टेकू) लावा, पण त्यावर विसंबू नका. हनुवटी, बोटांची टोकं, कंदिलाचा तळ असे हवेत सुरू होणारे भाग थर-थर सरकवून स्वतः शोधा.

मार्गदर्शकाचंही तेच. मी फी भरून एकाकडे शिकले. दर आठवड्याला तो पडद्यावरचं चित्र बघून "मस्त" म्हणायचा. छापलेलं काही त्याने एकदाही मागितलं नाही. ज्याने फसलेली प्रिंट व्हॅटमधून खरवडून काढलेली नाही, त्याच्याकडून छापायची पात्रं शिकू नयेत, असं मला ठामपणे वाटतं.

पण तुमची शरीररचना कच्ची असेल, हात जुळत नसतील, तर त्याची धास्ती घेऊ नका. हात सगळ्यांनाच जड जातात. रोज एक पंजा करा, तासाभरात मोडून टाका, तीन महिन्यांत फरक दिसतो. लहान टॅबलेट, जुना कॉम्प्युटर, सगळं चालतं. सबडिव्हिजनच्या, म्हणजे मेश आणखी बारीक करण्याच्या, प्रत्येक पायरीला चौकोन चौपट होतात, त्यामुळे मशीन अडखळायला लागली तर बहुतेक वेळा आपणच घाईने वर चढलेलो असतो. दोन पायऱ्या खाली या.

रेझिनबद्दल मात्र नरमाई नाही. नायट्राइलचे हातमोजे घालायचेच, खिडकी उघडी ठेवायचीच. कच्च्या रेझिनची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्माची सोबत होते. छापलेली मूर्ती ज्यात धुतली ते अल्कोहोल मोरीत ओतायचं नाही. मूर्ती पोकळ केलीत तर भिंत २ मिमी आणि निचऱ्याला किमान दोन भोकं ठेवा, एकातून द्रव बाहेर येतो तेव्हा दुसऱ्यातून हवा आत जायला हवी. आतूनही धुवा. माझी दुसरी म्हातारी रंगवून झाल्यावर काही आठवड्यांनी पाठीत तडकली आणि आतून चिकट रेझिन झिरपलं. इतक्या लहान मूर्ती मी आता भरीवच छापते.

सध्या चौथी म्हातारी टेबलावर आहे. नजर आली आहे, जाळंही जाळं वाटतं. कंदील धरलेला अंगठा अजून सपोर्ट काढताना तुटतो, म्हणून तो हात मनगटापासून वेगळा केला आहे, बाहीच्या घडीत सांधा लपेल असा. हात जोडायच्या खुंटीभोवती ०.१५ मिमीची फट ठेवली आहे. आज रात्री नुसती खुंटी आणि तिचं भोक एवढंच छापून बघते, बसली तर उद्या हात.