नेटवर्क ड्राइव्हवरचा बॅकअप तपासताना या चुका टाळा

"बॅकअप आहे ना?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "हो, रोज रात्री होतो." कशावरून, तर हिरवी टिक दिसते. त्या टिकचा अर्थ एवढाच की प्रोग्राम सुरू झाला आणि कुरकुर न करता बंद झाला. काय लिहिलं, कुठे लिहिलं, ते तिला विचारू नका.

'कुठे'वरून मी स्वतः पुरता फसलोय. लिनक्सवर आरसिंकची (फाइली कॉपी करणाऱ्या प्रोग्रामची) छोटी स्क्रिप्ट होती, रात्री दोनला चालायची. एकदा वीज जाऊन आली. कॉम्प्युटर आधी उठला, नॅस (नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा, बॅकअप तिथेच जायचा) नंतर. त्यामुळे नॅसचा ड्राइव्ह माउंट झालाच नाही, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या फोल्डरला जोडला गेला नाही. पण ज्या फोल्डरवर तो माउंट व्हायचा, तो रिकामा फोल्डर जागेवर होता आणि आरसिंकला तेवढं पुरतं. पुढचे तीन महिने माझा बॅकअप त्याच कॉम्प्युटरच्या त्याच डिस्कवर साठत राहिला. लॉगमध्ये एकही एरर नाही. जागा कमी पडायला लागली तेव्हा मी शहाणा जुने व्हिडिओ पुसत बसलो! मग डिस्क गेली. मूळही गेलं, नक्कलही गेली.

तेव्हापासून नॅसवर 'मी_नॅस_आहे' नावाची एक रिकामी फाइल ठेवतो. स्क्रिप्ट आधी ती शोधते, सापडली नाही तर तिथेच थांबते आणि मला मेल करते. ड्राइव्ह जोडलाय का ते सांगणाऱ्या 'माउंटपॉइंट' कमांडनेही हे जमतं, पण मला फाइल डोळ्यांना दिसते ते बरं वाटतं. शिवाय महिन्यातून एकदा नॅसच्या ॲडमिन पानावर जाऊन सगळ्यात नव्या फाइलची तारीख बघतो आणि एखादी फाइल परत आणून उघडतो.

दुसरी चूक, वरवरची तपासणी. आरसिंक पुन्हा चालवला, काहीच कॉपी झालं नाही, म्हणजे बॅकअप ठणठणीत? आरसिंक एरवी फाइलचा आकार आणि बदलल्याची वेळ एवढंच बघतो. आतला मजकूर खराब झाला असेल तर त्याला पत्ताही लागत नाही. चेकसमचा (मजकुरावरून काढलेला आकडा ताडून बघण्याचा) पर्याय द्या, पण ड्राय-रनसोबतच, म्हणजे काहीही न लिहिता काय कॉपी झालं असतं ते नुसतं दिसेल. नाहीतर मूळ फाइलच बिघडलेली असेल तर ती चांगल्या नकलेवर जाऊन बसेल. रेस्टिक या बॅकअप प्रोग्रामचंही तसंच. त्याचा साधा 'चेक' रिपॉझिटरीची (बॅकअपच्या साठ्याची) रचना तपासतो, डेटा वाचत नाही. 'रीड-डेटा' दिलं की सगळं वाचतो, आणि वेळ लागतो म्हणून कुणाला ते नको असतं. मी 'रीड-डेटा-सबसेट' वापरून दर रविवारी एक पंचमांश वाचून घेतो. पाच रविवारांत फेरी पूर्ण.

बाकीच्या चुका थोडक्यात. तपासणी वाय-फायवर लावून लॅपटॉपचं झाकण मिटू नका, केबल जोडा. रेड (इथे, दोन डिस्कवर तोच डेटा एकाच वेळी लिहिणं) म्हणजे बॅकअप नव्हे, पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते. रेस्टिकमध्ये 'रिपॉझिटरी लॉक्ड' दिसल्यावर लगेच लॉक उडवणारे उतावळे मी खूप पाहिलेत. अरे, दुसऱ्या कॉम्प्युटरवर बॅकअप चालू असेल, आधी तो बघ!

मॅकवर टाइम मशीन (त्यातलाच बॅकअप प्रोग्राम) कधीकधी तपासणीनंतर म्हणतं की नवा बॅकअप बनवावा लागेल. घाईने होकार दिलात तर जुना इतिहास गेला. आणि दुरुस्ती करायचीच असेल तर एकुलत्या एका प्रतीवर कधीच नको. आधी अख्खा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर उतरवा. डिस्क नाही म्हणता? मग ती येईपर्यंत थांबा.